घरकामासाठी कापडी मास्क: शिवायचा कसा, विकत घेताना बघायचं काय

मुंबई महापालिकेनं ८ एप्रिल २०२० रोजी सार्वजनिक जागी मास्क सक्तीचा केला आणि २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, राज्यात तो ऐच्छिक झाला. त्यानंतर बहुतेक घरांतले कापडी मास्क फडताळाच्या तळाशी गेले किंवा त्यांनी फर्निचर पुसलं गेलं. घरातली मास्कची गरज मात्र तेवढ्यानं संपत नाही. दिवाळीआधी माळा झाडायचा असतो, उन्हाळ्यात वर्षाचं तिखट-मसाला कुटून आणायचा असतो, गहू पाखडून डब्यात भरायचे असतात. शिवाय नाक गळत असतानाही पोळ्या कुणाला तरी लाटाव्याच लागतात.

अशा कामांसाठी तासाभरात घरी शिवून होईल असा मास्क इथे सांगते. मशीन असेल तर उत्तम, नसेल तर सुई-दोऱ्यावरही होतो, फक्त वेळ जास्त लागतो. शिवायला बसण्यापूर्वी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या: मास्कचं काम कापडापेक्षा त्याच्या बसण्यावर जास्त अवलंबून असतं. कितीही दाट विणीचं कापड घेतलं आणि नाकाशेजारी बोटभर फट राहिली, तर हवा वाट काढून त्या फटीतूनच आत येणार. म्हणून पुढे कापडापेक्षा नाकाची तार आणि गालाकडच्या कडा यांवर जास्त बोलले आहे.

कापडी मास्क काय करतो आणि काय करत नाही

बोलताना, खोकताना, शिंकताना तोंडातून थेंब उडतात. बाहेर पडतात तेव्हा ते मोठे असतात, हवेत वाळून बारीक होत जातात. त्यामुळे ते सुटतात तिथेच, म्हणजे आजारी माणसाच्या तोंडाशी अडवणं सोपं, आणि वाळून हवेत तरंगायला लागल्यावर निरोग्याच्या नाकाशी अडवणं कठीण. याचा घरगुती अर्थ सरळ आहे: ज्याला सर्दी-खोकला आहे त्यानं मास्क लावायचा. बाळंतिणीच्या खोलीत जाणाऱ्या खोकल्याच्या आजोबांनी लावायचा.

कापडाच्या मर्यादा अभ्यासांतूनही दिसल्या आहेत. व्हिएतनाममधल्या हनोई शहरातल्या रुग्णालयांत आरोग्य कर्मचाऱ्यांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कापडी मास्क वापरणाऱ्यांमध्ये संसर्ग वैद्यकीय मास्क वापरणाऱ्यांपेक्षा जास्त आढळला. कोरोनाच्या काळात बांगलादेशातल्या ६०० गावांमध्ये मोठा प्रयोग झाला. तिथे सर्जिकल मास्कचा फायदा स्पष्ट दिसला, कापडी मास्कचा तितक्या खात्रीनं दाखवता आला नाही. एन-९५ चं तर तंत्रच निराळं आहे. त्याच्या आतल्या थरावर स्थिर विद्युतभार असतो आणि तो अतिसूक्ष्म कण ओढून धरतो. सुती कापडाचे तीनाचे सहा थर केले तरी हा गुण त्यात येत नाही. श्वास तेवढा कोंडतो.

काही कामांना कापडी मास्क लावून जाऊच नका. पहिलं काम फवारणीचं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकं फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरता कामा नये. कापड औषधाचे तुषार शोषून घेतं आणि ओलं होऊन तोंडाला चिकटतं, म्हणजे विष नाकाशी बांधून ठेवल्यासारखंच झालं. थिनर, ऑइलपेंट, संडासात ओतायचं ॲसिड यांच्या वाफांना कापड अडवत नाही. फरशी कापतानाची धूळ, सिमेंट, जुने सिमेंटचे पत्रे तोडताना उडणारे तंतू हे कापडाच्या आवाक्याबाहेरचे. गॅलरीत साचलेली कबुतरांची विष्ठा काढायची असेल तर ती आधी पाण्यानं ओली करा आणि एन-९५ लावा. घरात क्षयरोगाचा रुग्ण असेल तर त्यानं मास्क लावणं उपयोगाचं आहे, पण शुश्रूषा करणाऱ्यानं स्वतः कापडी मास्कवर भिस्त ठेवू नये. दवाखान्यात विचारून योग्य तो घ्यावा.

एवढं सोडलं तर झाडझूड, जळमटं, पीठ, तिखट, भुसा आणि साध्या सर्दीत इतरांवर थेंब उडू नयेत, एवढ्यासाठी हा मास्क चांगला.

कापड

जागतिक आरोग्य संघटनेनं जून २०२० मध्ये तीन थरांचा कापडी मास्क सुचवला होता: आत ओलावा शोषणारं सुती, मध्ये न विणलेलं पॉलिप्रॉपिलीन, बाहेर पाणी लवकर न शोषणारं पॉलिएस्टर किंवा पॉलिएस्टर-सुती मिश्रण. सर्दी-खोकल्याच्या मास्कसाठी हीच रचना धरा. धुळीसाठी तिन्ही थर दाट सुती घेतले तरी चालतं.

आतल्या थराला जुनी, वापरून मऊ झालेली सुती चादर किंवा उशीचा अभ्रा सर्वांत बरा. विरलेलं लुगडं किंवा धोतर नको. ते हाताला छान लागतं, पण वीण इतकी ढिली झालेली असते की चाळण म्हणायला हरकत नाही. बाहेरच्या थराला पॉपलिन किंवा केंब्रिक घ्या, ब्लाउजचं टू बाय टू रुबियाही चालतं. कटपीसच्या दुकानात पाव मीटर तुकडा मिळाला तरी दोन-तीन मास्क सहज निघतात. शेजारच्या शिंप्याकडे विचारलंत तर चांगल्या शर्टिंगची कात्रणं तो आनंदानं देईल.

वीण पारखायची ती उजेडात. कापड खिडकीशी धरा. धागे सुटे सुटे दिसत असतील आणि मधून उजेडाचे ठिपके येत असतील तर ते कापड कुठल्याच थराला नको. होजिअरी, म्हणजे बनियन-टीशर्टचं कापड, ताणलं की त्याची भोकं मोठी होतात. म्हणून मास्क त्याचा शिवू नये. त्याच्या पट्ट्या मात्र नाड्यांसाठी झकास.

मधल्या थरासाठी दुकानात मिळायची ती कापडासारखी दिसणारी, न विणलेली पिशवी कापून वापरता येते. मात्र ती कोरी आणि स्वच्छ हवी, छापील भाग घ्यायचा नाही. त्यावर गरम इस्त्री फिरवू नका. हे पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि सुतीसाठी लावलेली इस्त्री त्यापेक्षा गरम असते. मास्क उभा राहावा म्हणून काही जणी कॉलरला लावतात ते बकरम किंवा चिकटणारं पेस्टिंग मध्ये घालतात. दिसायला मास्क सुबक होतो, श्वास मात्र त्यातून जात नाही, कडेनंच जातो.

नवं कापड असेल, विशेषतः मांजरपाट, तर कापण्यापूर्वी गरम पाण्यात साबण घालून धुवा, वाळवा, इस्त्री करा. त्यातली खळ निघून जायला हवी. आणि सुती आटतं. न धुता शिवलेला मास्क पहिल्या धुण्यानंतर हनुवटीवरून वर सरकायला लागतो.

माप

दोन मापं घ्या. एक उभं: नाकाच्या हाडापासून, म्हणजे चष्मा टेकतो तिथून, नाकाच्या शेंड्यावरून हनुवटीच्या खालपर्यंत. दुसरं आडवं: एका कानाच्या इंचभर अलीकडून, नाकाच्या शेंड्यावरून, दुसऱ्या कानाच्या इंचभर अलीकडेपर्यंत. बहुतेक मोठ्या माणसांना साडेसहा इंच उंच आणि आठ इंच रुंद असा तयार मास्क बसतो. चारी बाजूंना पाव इंच माया धरून कापड ८.५ × ७ इंच कापायचं. असे तीन तुकडे. आठ-दहा वर्षांच्या मुलाला ७ × ५.५ इंच पुरतं, तिथे चुण्या दोनच घाला. दोन वर्षांखालच्या मुलांना, झोपलेल्या माणसाला आणि ज्याला स्वतःच्या हातानं मास्क काढता येत नाही अशा कुणालाही मास्क लावायचा नाही.

कापडाचा उभा धागा मास्कच्या रुंदीच्या दिशेनं ठेवा. उभ्या धाग्याला ताण कमी असतो, त्यामुळे कानाकडे ओढला गेला तरी मास्क लांबत नाही.

बाकी साहित्य: पाव इंच रुंदीचं इलास्टिक, सात-सात इंचांचे दोन तुकडे. किंवा नाड्या चार, प्रत्येकी सोळा-सतरा इंच. नाकासाठी चार इंच तार. टाचण्या, खडू, कात्री, दोरा.

इलास्टिक की नाडी? रोज लावायला आणि पटकन काढायला इलास्टिक सोपं. पण धुळीच्या कामाला मी नाडीच सांगेन. वरची नाडी कानांवरून नेऊन डोक्याच्या मागे उंचावर बांधायची, खालची मानेवर. कान दुखत नाहीत आणि ताण आपल्याला हवा तेवढा देता येतो. ज्येष्ठांना श्रवणयंत्र असेल तर इलास्टिक त्यात अडकतं आणि मास्क काढताना यंत्र खाली पडतं, तिथेही नाडीच बरी.

शिवण

बाहेरचं कापड सुलट बाजू वर करून पसरा. इलास्टिकची दोन टोकं त्याच्या आखूड बाजूच्या वरच्या आणि खालच्या कोपऱ्याजवळ, कडेपासून अर्धा इंच आत येतील अशी टाचा. फास कापडाच्या मध्यभागाकडे हवा, बाहेर नको. दुसऱ्या बाजूलाही तसंच. आता त्यावर आतलं कापड सुलट बाजू खाली करून ठेवा आणि सगळ्यांत वर मधला थर. हा क्रम विचित्र वाटतो, पण उलटवल्यावर मधला थर आपोआप मध्ये जातो.

वरच्या लांब कडेच्या मधोमध दोन इंच जागा मोकळी सोडून चारी बाजूंनी पाव इंचावर टीप मारा. इलास्टिकच्या टोकांवरून टीप पुढे-मागे दोनदा जाऊ द्या. मास्क सगळ्यात आधी तिथेच उसवतो. हातानं शिवत असाल तर साधा धावदोरा घालू नका, उलटी टीप घाला. कोपऱ्यांतलं जादा कापड तिरकं छाटा, टीप कापली जाणार नाही एवढं बघा. मग मोकळ्या जागेतून मास्क उलटवा आणि कोपरे पेन्सिलीच्या मागच्या टोकानं बाहेर काढा.

आता तार. तार चार इंचांची घ्या आणि दोन्ही टोकं आत दुमडून गोल करा, नाहीतर ती कापड फाडून नाकाला टोचतात. ॲल्युमिनियमची पातळ पट्टी, तांब्याची तार किंवा नव्या चार्जरच्या वायरीला गुंडाळून येते ती प्लॅस्टिक चढवलेली तार, यांपैकी काहीही चालेल. जेम क्लिप सरळ करूनही होतं, पण लोखंड गंजतं आणि दोन-तीन धुण्यांत नाकावर तांबूस डाग दिसायला लागतो. उघड्या जागेतून तार आत सरकवा, वरच्या कडेला भिडवा, मग वरच्या कडेला अगदी लगत एक टीप मारून जागा बंद करा आणि तारेच्या खाली, कडेपासून साधारण तीन अष्टमांश इंचावर, दुसरी टीप मारा. तार दोन टिपांच्या मध्ये बंदिस्त होते. तिच्या दोन्ही टोकांशी उभे दोन टाके घातले की ती कडेला घसरत नाही. मशीन चालवताना सुई तारेवर आली तर तुटते, तेव्हा इथे घाई नको.

पुढे चुण्या. मास्क सुलट बाजू वर करून समोर ठेवा, तार वरच्या बाजूला. दोन्ही आखूड कडांवर वरून मोजत दीड, अडीच, तीन, चार, साडेचार आणि साडेपाच इंचांवर खडूनं खुणा करा. दीडच्या खुणेवर घडी घालून ती घडी खाली अडीचच्या खुणेवर आणून ठेवा, टाचणी लावा. तशीच तीनची चारवर, साडेचारची साडेपाचवर. तिन्ही चुण्यांची तोंडं खाली येतात. हे मुद्दाम असतं: तोंड वर ठेवलं तर वरून पडणारी धूळ चुणीत साठते. तयार मास्कची कड आता साडेतीन इंच उरली पाहिजे. तेवढी आली नाही तर खुणा पुन्हा तपासा.

दोन्ही कडांवर दोन-दोन टिपा मारा. इथे थर खूप झालेले असतात. सोळा नंबरची सुई लावा आणि जाड जागी पाय न वापरता हातानं चाक फिरवा. नाडी लावायची असेल तर सुरुवातीला इलास्टिकच्या जागी चार कोपऱ्यांत चार नाड्या टाचायच्या आणि शिवताना त्या मध्यावर गोळा करून पिन लावायची, म्हणजे टिपेत सापडत नाहीत.

चोचीसारखा, मधून शिवण असलेला मास्कही पुष्कळांना आवडतो. बोलताना तो ओठांना चिकटत नाही हे खरं. पण मधली शिवण म्हणजे नाकासमोर सुईच्या भोकांची रांग, आणि प्रत्येक चेहऱ्याला त्याचा वेगळा नमुना कापावा लागतो. एकाच मापात घरातल्या चार जणांना जमवून घ्यायचं तर चुण्यांचाच बरा.

शिवायला वेळ नसेल तर

मोठा सुती रुमाल पसरा, वरची आणि खालची बाजू मध्यावर दुमडा, पुन्हा एकदा तसंच करा. या पट्टीत दोन केसांची रबरं हातभर नाही, सहा-सात इंच अंतरावर सरकवा, बाहेरची टोकं आत दुमडून एकमेकांत खोचा आणि रबरं कानांत अडकवा. अर्ध्या तासाच्या झाडलोटीला पुरतो. दुचाकीवर गुंडाळायचा स्कार्फ उन्हासाठी ठीक, पण तो बहुधा एकेरी आणि घसरणारा असतो. माळ्यावर चढल्यावर दोन्ही हात कामात असताना तो सावरत बसावं लागतं.

तोंडाला ओला रुमाल बांधून मिरच्या कुटायची पद्धत अजून दिसते. ओलं कापड हवा जाऊ देत नाही, मग माणूस कडेनं श्वास घेतो आणि ठसका तो लागतोच. कोरडा, घट्ट बसणारा मास्क लावा आणि डोळ्यांना साधा गॉगल. काम झाल्यावर तो मास्क इतर कपड्यांत मिसळू नका. तिखटाचा तिखटपणा नुसत्या पाण्यानं जात नाही, साबण लागतोच.

बसला की नाही

लावल्यावर तार दोन्ही हातांच्या बोटांनी नाकाच्या दोन बाजूंनी दाबा; एकाच हातानं चिमटा काढला तर मधे टोक येतं आणि शेजारी फट पडते. मग जोरात श्वास घ्या. मास्क थोडा आत ओढला गेला पाहिजे. श्वास सोडताना हवा डोळ्यांकडे आली किंवा चष्म्यावर वाफ धरली तर नाकाशी गळती आहे. गालाशी हवा लागली तर इलास्टिक अर्धा इंच कमी करा, किंवा फासाला कोपऱ्याजवळ गाठ मारून फुगलेली कड आत खोचा. दाढीवर कुठलाच मास्क नीट बसत नाही, त्याला शिवणकाम काही करू शकत नाही.

श्वास घेताना दम लागत असेल तर थर कमी करा. दम्याच्या माणसानं धुळीचं काम मास्क लावून रेटण्यापेक्षा दुसऱ्याला सांगावं, यात कमीपणा नाही.

विकत घ्यायचा असेल तर

महिला बचत गटांनी कोरोनाकाळात गावोगाव मास्क शिवले. आता रोजची मागणी नसली तरी शिवणकाम करणाऱ्या गटांना सांगितलं तर दहा-वीस नगांची ऑर्डर त्या घेतात. तुमचं माप आणि तुमचं कापड नेऊन दिलंत तर आणखी चांगलं. खादी भांडारातही चौकशी करा. खादी आणि ग्रामोद्योग आयोगानं २०२० मध्ये खादीचे मास्क बाजारात आणले होते. नाहीतर गल्लीतला शिंपी आहेच. त्याला वर दिलेली मापं दाखवा आणि तार घालायला विसरू नको म्हणून बजावून सांगा, कारण तार हमखास राहते.

तयार मास्क हातात घेतल्यावर आधी नाकाची कड चिमटीत धरून तार आहे का बघा. मग उजेडात धरा. थर मोजा; दोन कापडांच्या मध्ये पातळ फोम भरून ‘तीन पदरी’ म्हणून विकलेला माल पुष्कळ असतो. वास घ्या, रंगाचा किंवा रॉकेलसारखा वास आला तर परत ठेवा. झडप असलेला घेऊ नका. सर्दीच्या माणसाचा श्वास त्या झडपेतून न गाळता बाहेर जातो, मग लावून उपयोग काय? आणि कापडी मास्कवर ‘एन-९५’ छापलेलं असेल तर विक्रेत्याच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवू नका. धूळ-कण अडवणाऱ्या खऱ्या मास्कसाठी भारतीय मानक आयएस ९४७३ आहे. तसा हवा असेल तर पाकिटावर तो क्रमांक आणि आयएसआय चिन्ह शोधा.

धुणं आणि टाकणं

धुळीचा मास्क आधी बाहेर झटका, मग साबणाच्या गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा. आजारपणातला रोज धुवायचा. ओला झाला तर दिवसातून दोनदा बदलायचा. म्हणून आजारी माणसासाठी एकदम तीन-चार शिवून ठेवावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे साबण आणि ६० अंशांचं पाणी चांगलं. तेवढं गरम पाणी नसेल तर साध्या पाण्यात साबणानं धुऊन नंतर मिनिटभर उकळलं तरी चालतं. केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानं २०२० मध्ये काढलेल्या पुस्तिकेत कुकरमध्ये मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळायचा उपाय दिला होता. नाडीच्या मास्कला तो ठीक आहे. इलास्टिक असं दर वेळी उकळलं तर लवकरच सैल पडतं आणि सैल इलास्टिकचा मास्क निरुपयोगी.

काढताना समोरच्या भागाला हात लावायचा नाही. नाडीचा असेल तर आधी खालची गाठ सोडा, मग वरची, नाहीतर मास्क गळ्यात येऊन पडतो. धुतलेले मास्क कागदी पाकिटात किंवा सुती पिशवीत ठेवा. ओलसर मास्क प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला की पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशीचा वास धरतो.

अधूनमधून पुन्हा उजेडात धरून बघत जा. कापड विरलं, चुण्यांच्या घडीवर धागे तुटायला लागले की तो बाद. तार मात्र उसवून काढून ठेवा, ती पुढच्या मास्कला चालते.